छत्र, शरभ आणि पुसलेली राणी

कुंभार पिंपळगावच्या चौकात तुम्ही हातात सातबारा धरून उभे आहात. नाव बघितलं, क्षेत्र बघितलं, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा दिसला तेव्हा तोंड वाकडं केलं. कागदावर शासनाचं बोधचिन्ह आहे, त्याच्याकडे मात्र तुमची नजर गेलेली नाही. कुणाचीच जात नाही. चिन्ह आहे म्हणून कागद खरा आणि कागद खरा म्हणून रान तुमचं, एवढं एकदा अंगवळणी पडलं की चिन्ह दिसेनासं होतं. आज तेवढंच बघायचं आणि मागे चालत राहायचं. पायाखालची काळी माती तीच राहील. गंगाही (गंगथडीच्या माणसाला ती गोदावरीच, हे सांगायला नको) दक्षिणेला वाहत राहील. बदलत जाईल ते झेंड्यावरचं चित्र.

पहिला टप्पा जवळचा आहे. १९४८ चा सप्टेंबर अजून यायचा आहे. निजामाचा झेंडा पिवळा, मधोमध एक गोल. लांबून चंद्र वाटेल, पण तो आहे कुलचा, खायची रोटी. पहिल्या निजामाने एका अवलियाच्या हातचे सात कुलचे खाल्ले आणि अवलियाने सात पिढ्यांचं राज्य वर्तवलं, असं सांगतात. कथा खरी असो वा खोटी, सातव्या निजामाच्या काळातही झेंड्यावर तीच रोटी होती. आपल्या शेवटाचं भाकीत झेंड्यावर मिरवणारं घराणं दुसरं कुठे असेल असं वाटत नाही. पण इथे रेंगाळू नका, आपल्याला चारशेवर वर्षं मागे जायचं आहे.

साल १५२७. तुम्ही पाथरीच्या वाटेवर आहात. पाथरी म्हटलं की हल्ली साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद आठवतो, पण तुम्ही उतरलात तेव्हा तिच्यावरून वेगळाच वाद पेटलेला आहे. वाटेत एका झाडाखाली दप्तर मांडून बसलेले कुलकर्णी तुम्हाला हटकतात.

“कुठले तुम्ही?”

“पिंपळगावचे.”

“ते कळलं हो. अंमल कुणाचा?”

इथे तुमची पंचाईत होते, आणि तुमचीच नव्हे, सगळ्या मुलखाची. वऱ्हाडातून इमादशहा राज्य करतो, अहमदनगरातून निजामशहा, आणि पाथरी दोघांच्या मध्ये अडकलेली. बुऱ्हाण निजामशहाला ती हवी आहे, त्याचं कारण महसुलाहून खोल आहे. त्याचा आजा मलिक हसन हा मुळात ब्राह्मणाचा मुलगा, लहानपणी बहमनी फौजेच्या हाती लागला आणि मुसलमान झाला. या घराण्याचं मूळ वतन पाथरीचं, कुलकर्णपणाचं. फरिश्ता हा इतिहासकार तरुणपणी अहमदनगरच्या दरबारात होता, त्याने ही हकिगत लिहून ठेवली आहे. बुऱ्हाणने आधी सरळ मागितलं: पाथरी द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या. इमादशहाने नकार दिला आणि वर तटबंदी मजबूत केली. मग १५१८ मध्ये बुऱ्हाणने पाथरी मारली, पुढे ती हातची गेली आणि आता १५२७ मध्ये पुन्हा घेतली. या खेपेला त्याने किल्लाच पाडून टाकला आणि परगणा आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना देऊन टाकला.

“सुलतान झाला तरी वतन सुटत नाही माणसाला,” कुलकर्णी म्हणतात. त्यांच्या आवाजात कौतुक आहे की कुरकुर, ते तुम्हाला ओळखता येत नाही.

तुमचं लक्ष त्यांच्या दप्तरातल्या कागदांवर आहे. पण त्या काळी अंमल कुणाचा हे सांगायला कागदापेक्षा दगड आणि कापड जास्त कामाला येतं. उत्तरेला मेळघाटात गाविलगड आहे. त्याच्या दिल्ली दरवाजावर इमादशहाने दोन तोंडांचा पक्षी कोरवून घेतलाय, चोचींत आणि पंजांत हत्ती पकडलेला. तो गंडभेरुंड. किल्ले पालथे घालणाऱ्या आपल्या पोरांना तो आणि त्याचा भाऊबंद शरभ, दोघेही चांगले ओळखीचे आहेत. जंजिऱ्याच्या दारावरचा शरभ तर एकटा सहा हत्तींना आवरतो. गंमत अशी की गंडभेरुंड हा विजयनगरचा पक्षी. अच्युतरायाच्या नाण्यांवर तो आहे. इमादशाहीचा मूळ पुरुष फतहउल्ला हा विजयनगरकडच्या हिंदू घरातला, लहानपणी पकडून आणलेला. म्हणजे ज्या दोन सुलतानांत पाथरीसाठी तलवारी निघाल्या, त्या दोघांचीही घराणी मुळात हिंदूच. एकाने हत्ती उचलणारा पक्षी दारावर बसवला, दुसऱ्याने कुलकर्ण्याचं गाव मागितलं. तिकडे युरोपात त्याच सुमारास जर्मन मुलखाचा सम्राटही दोन तोंडांचाच गरुड झेंड्यावर मिरवतोय. त्याचा आणि आपल्या गंडभेरुंडाचा संबंध जोडायचा मोह मात्र आवरा.

कापडाची गोष्ट छत्राची. बुऱ्हाणचा बाप आणि आजा स्वतःला शहा म्हणवत असोत वा नसोत, शेजारी मान द्यायला तयार नव्हते. १५३० नंतर गुजरातच्या बहादूरशहाने माळव्याच्या महमूद खिलजीचं राज्य बुडवलं, आणि त्या बुडालेल्या सुलतानाचं राजछत्र बुऱ्हाणला दिलं, असं फरिश्ता सांगतो. विचार करा, दुसऱ्याच्या डोक्यावरून उतरलेलं छत्र तुमच्या डोक्यावर धरलं जातंय आणि सगळा दरबार मुजरा करतोय. लाज वाटायला हवी होती, पण तशी कुणाला वाटली नाही. उलट, राज्य बुडालं तरी छत्रातला मान बुडत नाही, तो हस्तांतरित होतो, हेच सिद्ध झालं. पुढे १५३७ च्या सुमारास धर्मपंडित शाह ताहिरच्या प्रभावाखाली बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला तेव्हा छत्र आणि निशाणांचा पांढरा रंग जाऊन हिरवा आला. लढाई न होता, तटबंदी न हलता राज्याचा रंग बदलला.

अहमदनगरात पोचताना १५४९ मध्ये एका ओतशाळेपाशी जरा थांबा. मुहम्मद बिन हुसेन रूमी नावाचा कारागीर एक तोफ ओततोय. सुमारे १४ फूट लांब, आणि तोंड असं की एखाद्या श्वापदाने जबडा वासलाय नि जबड्यात हत्ती चिरडतोय. गाविलगडचा पक्षी, जंजिऱ्याचा शरभ आणि ही तोफ सगळे एकाच खानावळीतले. ही मुलुख-मैदान. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. १६३२ मध्ये आदिलशहाने ती परांड्याहून उचलून नेली. मालकी बदलली, पण तोंडातला हत्ती कुणी काढला नाही. ज्याच्या हाती तोफ, हत्ती चिरडणारा तो.

आता ज्यासाठी आलो ते दालन. साल १५६६-६७ धरा. बुऱ्हाणचा मुलगा हुसेन निजामशहा जाऊन वर्ष-दीड वर्ष झालंय. २३ जानेवारी १५६५ ला कृष्णेच्या काठी तालिकोटच्या लढाईत त्याने विजयनगरच्या रामरायाचा शिरच्छेद करवला आणि पाच महिन्यांच्या आत तोही गेला. मुलगा मुर्तझा गादीवर आहे, पण कारभार चालवते त्याची आई खुंझा हुमायूं. चाँदबीबीची आईही तीच. मुलीचं कर्तृत्व कुठून आलं ते इथे कळतं. आफताबी नावाच्या कवीने फारसीत एक दीर्घ काव्य रचलंय, ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. त्यात हुसेनची तारीफ आहे, राणीची तर त्याहून भरघोस आहे, लग्नाचा थाट आहे आणि शेवटी तालिकोटचा विजय. त्याची चित्रं या दालनात चालू आहेत.

आत शिरताच वास येतो तो डिंकाचा. एका कोपऱ्यात पोरगा पाटावर कागद ठेवून अकीकाच्या दगडाने घोटतोय. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद दख्खनभर जातो, पण कागद कुठलाही असो, घोटल्याशिवाय त्यावर कलम सरकत नाही. नस्तालिकात ओळी लिहून झाल्या आहेत, लेखनिकाने चित्रासाठी जागा मोकळी सोडलीय. शिंपल्यांत रंग कालवलेले आहेत: हिंगूळ, हरताळ, नीळ, लाजवर्द, जंगाल. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला इतका बारीक की त्याचं टोक उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. उस्ताद आकाश रंगवताहेत, आणि आकाश सोन्याचं आहे. सोन्याचा वर्ख डिंकात खलून केलेली शाई ते सपाट लावत जातात, सुकली की पुन्हा अकीक फिरवतात, आणि मळकट पिवळ्या डागातून एकदम उजेड निघतो. खालची टेकाडं जांभळी आहेत. असं आकाश अहमदनगरात कुणी पाहिलेलं नाही, जांभळी टेकाडंही नाहीत. चिन्हांच्या जगात हवामान असंच असतं.

“हात लावू नका बरं, ओलं आहे,” पोरगा बजावतो.

तुम्ही वाकून बघता. सिंहासनावर राजा, आणि त्याच्या शेजारी राणी. इराणातून आलेल्या पद्धतीच्या चित्रांत सुलतानाची खरीखुरी राणी त्याच्याबरोबर गादीवर अशी बसलेली सहसा दिसत नाही. इथे ती एकदा नाही, पानामागून पान दिसते. चित्रातल्या बायका बघा: चोळी, साडी, पाठीवर लांब वेणी आणि वेणीच्या टोकाला गोंडे. हा इराण नव्हे, हे आपल्याकडचं रूप आहे. थोडं माळव्याकडचं, थोडं विजयनगरकडचं. ज्या विजयनगरचा पराभव पोथीच्या शेवटी साजरा व्हायचा आहे, त्याच मुलखाच्या वळणाच्या बायका पोथीभर वावरतात. उस्तादांना यात काही विचित्र वाटत नाही. मलाही वाटत नाही. दख्खनची कला अशीच घडली, लढाईत आणि रंगपेटीत वेगवेगळे हिशेब ठेवून.

एका पानावर मात्र तुमचे पाय खिळतात. एका झाडाला एक स्त्री हात लावतेय आणि झाड फुलांनी डवरतंय. हे तुम्ही पाहिलं आहे. वेरूळला, कुठल्याही जुन्या देवळाच्या खांबावर झाडाला बिलगलेली ती शालभंजिका. सुंदर स्त्रीच्या पायाच्या स्पर्शाने अशोक फुलतो, हा दोहदाचा संकेत संस्कृत काव्यातला. तो आता फारसी काव्याच्या पानात, शिया सुलतानाच्या राणीसाठी वापरला जातोय. आणि वापर नुसता शोभेचा नाही. जिच्या स्पर्शाने झाड फुलतं तिच्या हाती राज्यही फुलेल, असा तो दावा आहे. नवरा गेलाय, मुलगा पोर आहे, दरबारातले सरदार कुजबुजताहेत. अशा वेळी राणीला असं एखादं झाड हवंच असतं.

आणि अगदी असंच झाड, याच हेतूने, जगाच्या दुसऱ्या टोकाला सव्वाशे वर्षांपूर्वी काढलं गेलं होतं. तिकडे जायला हवं. नगरहून रुआँ, फ्रान्स, साल १४४५.

थंडी आहे. भाषा कळत नाही, पण कारागिरांचे हात कळतात. इथे कागद नाही, वासराचं कातडं कमावून, घासून पातळ केलेला चर्मपट आहे. सोनं खललेलं नाही, अख्खा वर्ख आहे. ज्या जागी सोनं हवं तिथे खडूचा फुगीर थर दिलेला आहे. कारागीर त्याच्यावर तोंडाने ऊबदार श्वास सोडतो, थर क्षणभर चिकट होतो, आणि त्याच क्षणी वर्ख टेकवला जातो. मग कुत्र्याच्या दाताने घासून चकाकी आणतात. नगरच्या पोराचा अकीक आणि या माणसाचा दात एकच काम करतात. दोघांच्या काळात मात्र शतकभराहून जास्त अंतर.

ही पोथी जॉन टॅलबट या इंग्रज सेनापतीने करवून घेतलीय, पंधरा वर्षांच्या मुलीसाठी. आंजूची मार्गारेट. तिचं लग्न इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीशी ठरलंय आणि ती रुआँमार्गे तिकडे चाललीय. पहिल्या मोठ्या चित्रात टॅलबट गुडघे टेकून पोथी अर्पण करतोय, आणि त्याच्या मागे एक पांढरा शिकारी कुत्रा उभा. हा कुत्रा म्हणजे त्याचं घराण्याचं चिन्ह. त्या जातीच्या कुत्र्यालाच टॅलबट म्हणतात. काठांमध्ये डेझीची फुलं विखुरली आहेत. फ्रेंचमध्ये त्या फुलाचं नाव मार्गरीत. वाचता न येणाऱ्यालाही पानभर राणीचं नाव वाचता यावं अशी ही सोय.

समोरच्या पानावर वंशावळ आहे, आणि तिचा आकार आहे लिलीच्या फुलाचा. लिली म्हणजे फ्रान्सच्या राजांचं फूल. एका बाजूने फ्रेंच राजे उतरतात, दुसऱ्या बाजूने इंग्रज, वर सेंट लुई, आणि सगळ्या वाटा येऊन सहाव्या हेन्रीपाशी मिळतात. म्हणजे काय? फ्रान्सचा खरा राजा इंग्लंडचा हेन्री. १३४० मध्ये तिसऱ्या एडवर्डने आपल्या ढालीचे चार भाग केले आणि दोन भागांत स्वतःच्या सोनेरी सिंहांशेजारी निळ्यावर सोनेरी लिली बसवल्या, तेव्हापासूनचा हा दावा. लढाई शंभर वर्षं चालली, पण फूल सुरुवातीलाच ढालीवर आलं. सातबाऱ्यावर आधी नाव चढवायचं आणि ताब्याचं पुढे बघू, ही युक्ती काही आपल्याकडेच निघालेली नाही.

आठ वर्षांनी, १४५३ मध्ये, कास्तियोंच्या लढाईत हाच टॅलबट मारला गेला आणि एक कॅले सोडलं तर फ्रान्स इंग्रजांच्या हातून गेलं. १५५८ मध्ये कॅलेही गेलं. तरी ढालीवरच्या लिली कुणी पुसल्या नाहीत. त्या पुसल्या गेल्या १८०१ मध्ये. साडेतीनशे वर्षं एक संपूर्ण राष्ट्र आपल्या नाण्यांवर, शिक्क्यांवर आणि पोथ्यांवर न मिळालेल्या जमिनीचं नाव लिहीत राहिलं. हट्टाला मर्यादा असते म्हणतात, राजघराण्यांचा अपवाद असावा.

मार्गारेटचं पुढे काय झालं तेही उभ्या उभ्या ऐकून घ्या. नवरा अधूनमधून भ्रमिष्ट व्हायचा, मुलगा लहान, आणि पक्ष चालवायची वेळ तिच्यावर आली. १४६१ मध्ये मॉर्टिमर्स क्रॉसच्या रणांगणावर आकाशात तीन सूर्य दिसले. बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश वळला की असं दिसतं, पण तरुण एडवर्ड ऑफ यॉर्कने त्यातून आपलं चिन्ह घेतलं: सूर्याच्या मधोमध पांढरा गुलाब. तो चौथा एडवर्ड म्हणून राजा झाला, आणि १४८० च्या सुमारास त्याने फ्लँडर्सहून करवून आणलेल्या थोरल्या पोथ्यांच्या काठांवर पांढरा गुलाब फुलला. त्याच्या घराण्याचं आणखी एक चिन्ह होतं, बेडीच्या कुलपात अडकलेला बहिरी ससाणा. निजामशाही घराण्याचं आडनावही बहिरीच, हा निव्वळ योगायोग. १४७१ मध्ये मार्गारेटचा मुलगा लढाईत मेला, नवऱ्याला मारलं, आणि तिला कैद झाली. खंडणी भरून ती १४७५ मध्ये फ्रान्सला परतली आणि १४८२ मध्ये वारली.

पण तिची पोथी? ती जिंकणाऱ्यांच्या हाती पडली, राजांच्या ग्रंथालयात राहिली, १७५७ मध्ये दुसऱ्या जॉर्जने ब्रिटिश म्युझियमला दिली, आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. पराभूत राणीच्या डेझी शाबूत. खोटी ठरलेली लिलीची वंशावळ शाबूत. यॉर्कच्या कुणाही कारभाऱ्याने चाकू घेतला नाही. मला वाटतं, त्यांना ती जाळायची गरजच नव्हती. लिलीचा दावा त्यांनाही हवाच होता. राजा बदलला तरी ढाल तीच होती.

आता परत नगरला या, पण १५६९ मध्ये. तुम्ही उस्तादांच्या दालनात शिरता तेव्हा वातावरण बदललंय. खुंझा हुमायूंने भावांना मोठमोठ्या जागा दिल्या, सरदार बिथरले, आणि मुर्तझाने सत्ता हाती घेताना स्वतःच्या आईला कैदेत टाकलं. पोथीतली राणी आता अडचणीची झाली. कोण आलं, कुणी हुकूम दिला, ते पानावर लिहिलेलं नाही. जे केलं ते पानावर आहे. बहुतेक चित्रांत राणीची आकृती पुसून टाकली, तिच्यावर रंगाचा हात फिरवला. सिंहासनावर राजा बसलेला आहे आणि शेजारी एक डाग. दासी मोकळ्या जागेकडे बघताहेत. राजाचा हात कुणाच्याही नसलेल्या खांद्याकडे गेलेला. नीट बघितलंत तर डागाखालून तिची रेषा अजून कळते. हा फेरफार नीट झालेला नाही.

झाडाला हात लावणारी ती स्त्री मात्र राहिली. माझा तर्क असा: ती राणी असून राणी नव्हती. ती चिन्ह होती, आणि चिन्ह पुसायचं तर देवळाच्या खांबापासून संस्कृत काव्यापर्यंत सगळीकडे पुसायला हवं होतं. पुसणाऱ्याची छाती शेजारच्या पानावरच्या बाईपुरतीच होती.

रायगडावर क्षणभर टेका, १६७४ चा ज्येष्ठ. राज्याभिषेकाला मुंबईहून आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन सिंहासनाकडे टक लावून बघतोय. त्याला काय दिसतं? सोन्याच्या भाल्यांच्या टोकांवर एका बाजूला मोठ्या दातांची माशांची डोकी, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या, आणि सोन्याचा तराजू. ही अधिकाराची चिन्हं मुसलमान दरबारांच्या पद्धतीची आहेत, हे त्याला लगेच कळलं आणि त्याने ते लिहूनही ठेवलं. कळणारच, ज्याच्या देशाच्या ढालीवर त्या दिवशीही फ्रान्सच्या लिली होत्या, त्याला उसन्या चिन्हांचं व्याकरण शिकवावं लागत नाही. पण त्याच्या नजरेतून एक निसटलं. मासा आणि शेपट्या मोगलांच्या आणि शाह्यांच्या दरबारातून घेतल्या, तरी त्यांच्या खाली बसलेल्या राजाने उपाधी घेतली ती छत्रपती. माळव्याहून गुजरातेत, गुजरातेतून नगरला उसनं फिरणारं छत्र इथे कुणाच्या हातून आलेलं नव्हतं. गागाभट्टांच्या मंत्रोच्चारात ते नव्याने धरलं गेलं.

शेवटी पुणे. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, राजवाड्यांनी १९१० मध्ये सुरू केलेलं. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ आज इथे आहे. १९८७ मध्ये जी. टी. कुलकर्णी आणि एम. एस. माटे यांनी ती संपादून, इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केली. दख्खनच्या चित्रकलेचा सर्वांत जुना ठेवा शोधायला निघालेला जगातला अभ्यासक पहिल्यांदा याच पोथीपाशी येतो.

पानं उलटा. सोन्याचं आकाश अजून चकाकतं. डाग आहेत तिथेच आहेत. पण आता डागांच्या वरच्या आणि खालच्या ओळींकडे बघा, नस्तालिकात लिहिलेल्या, ज्या घोटलेल्या कागदावर कलम सहज सरकत गेलं होतं. आफताबीने खुंझा हुमायूंच्या रूपाचं, लग्नाचं, गुणांचं केलेलं वर्णन तिथे तसंच आहे. चित्रावर हात फिरवणाऱ्याने ओळींना हात लावला नाही.